गेम आणि पिक्चरसाठी पीसीला काय लावावं, हेडफोन की ५.१? (खोली १० बाय ११, ठाणे)

मानपाडाकर

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीच्या बोनसमधून पीसी असेंबल केला, ग्राफिक कार्ड, मॉनिटर सगळं मनासारखं झालं आणि आता आवाजापाशी घोडं अडलंय. सध्या मॉनिटरच्या पोटातलेच स्पीकर वापरतोय, त्यात ट्रकचा हॉर्न काय आणि हिरॉइनची किंकाळी काय, सगळं एकच.

वापर असा: रात्री जेवणं झाली की व्हॅलोरंट नाहीतर काउंटर स्ट्राइक, शनिवार-रविवार बायकोबरोबर पिक्चर. टेबल खिडकीच्या भिंतीला, पाठीमागे पलंग, पलंग संपला की लगेच दार. शेजारच्या खोलीत आईबाबा, बाबा दहाला दिवा मालवतात. खिडकीखाली घोडबंदर रोड, म्हणजे डंपर आणि मेट्रोचं काम. बजेट २० हजार, ताणून २२.

डोक्यात पूर्वीपासून ५.१ बसलंय. बायको म्हणते पाच डबे ठेवणार कुठे. एक दुकानदार ७.१ गेमिंग हेडसेट गळ्यात मारतोय, दुसरा म्हणतो साउंडबार घ्या आणि विषय संपवा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पावभाजी विथ चीज

पाच नाही हो, सहा डबे, पाच स्पीकर आणि '.१' म्हणजे जाड आवाजाचा सबवूफर. वहिनींना हे सांगू नका.

खाडीपलीकडे

ऐरोलीकडून रामराम. साउंडबार टीव्हीखाली ठीक, दोन फुटांवर बसून गेम खेळायला त्यात काही अर्थ नाही, डावं-उजवं इतकं जवळजवळ असतं की सगळा आवाज मॉनिटरच्या बुडाखालूनच येतो. त्यापेक्षा पैसे दोन ठिकाणी वाटा, रात्रीला हेडफोन आणि रविवारला साधे दोन स्पीकर. एकाच वस्तूने दोन्ही कामं होतील हा नाद सोडा.

सेक्टर_सतरा

मी ५.१ वाला माणूस आहे त्यामुळे बाजू मांडतो. सीवूड्सला हॉलमध्ये लॉजिटेक झेड९०६ लावलाय, ५०० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद), आणि पिक्चरमध्ये हेलिकॉप्टर मागून पुढे जातं तेव्हा जे काय वाटतं ते दोन स्पीकरवर नाही म्हणजे नाही येत. माझी मुलगी सोफ्यावरून मागे वळून बघते. तेव्हा ५.१ ला सरसकट नावं ठेवू नका.

जुना रेडिओ

सेक्टरभाऊ, नावं कोण ठेवतंय. पण तुमचा सोफा हॉलच्या मध्यावर आहे आणि मागचे स्पीकर त्याच्याही मागे, बरोबर ना? ५.१ चा नियमच असा की समोरची दिशा शून्य धरली तर मागची जोडी दोन्ही बाजूंना ११० अंशांच्या आसपास हवी, म्हणजे कानाच्या किंचित मागे, आणि तुमच्यापासून बऱ्यापैकी अंतरावर. मानपाडाकरांच्या खोलीत उजवीकडचा मागचा स्पीकर येणार पलंगाच्या उशाशी आणि डावीकडचा येणार दारात. त्याची वायर उंबऱ्यावरून जाणार, रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तिच्यात अडकणार. मग चार दिवसांनी दोन्ही मागचे स्पीकर मॉनिटरच्या बाजूला येऊन बसतात, अशी ५.१ मी कितीतरी घरांत बघितलीयेत. सहाच्या सहा डबे समोर ओळीने, आणि मालक म्हणतो सराउंड आहे.

दुसरी गोष्ट जोडणीची. झेड९०६ ला एचडीएमआय नाही. ऑप्टिकल केबल लावली तर पिक्चरचा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ट्रॅक (सहा चॅनलचा आवाज दाबून लहान केलेला) जसाच्या तसा जातो, उत्तम. पण गेमचा आवाज तिथल्या तिथे तयार होत असतो आणि ऑप्टिकलमधून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनलचाच (डावा-उजवा) जातो. म्हणजे मदरबोर्डला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (गेमचा आवाज लगेच तसा दाबून पाठवणारी सोय) नसेल तर गेम स्टिरिओतच वाजणार. त्यावर उपाय म्हणजे हिरवी, काळी, केशरी अशा तीन वायरी मागच्या जॅकमध्ये लावायच्या. हे दुकानात कोणी सांगत नाही.

सेक्टर_सतरा

तीन वायरीच लावल्यात काका, बॉक्सबरोबरच आलेल्या. बाकी सहमत, त्यांच्या खोलीत नाही जमणार.

रात्रपाळी

७.१ हेडसेटवर बोलतो, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात चाललंय. बहुतेक ७.१ हेडसेटमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, दोनच असतात, डावीकडे एक उजवीकडे एक, बाकीचं सगळं सॉफ्टवेअरचं काम. ते वाईट असतं असं नाही, पण कुठे वापरायचं हे कळलं पाहिजे. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ नावाची सेटिंग आहे (२०२१ मध्ये आली), काउंटर स्ट्राइकमध्येही तसंच आहे. डोक्याच्या आणि कानाच्या आकाराने आवाज कसा बदलतो त्याचा हिशोब गेम स्वतःच करतो आणि तयार दोन चॅनल तुमच्या कानात सोडतो. आता त्याच्यावर हेडसेटचं ७.१ पण चालू ठेवलं, वर विंडोज सोनिक (विंडोजचंच हेडफोनसाठीचं सराउंड) पण चालू ठेवलं, की एकदा शिजलेलं परत शिजवल्यावर जे होतं तेच होतं, पाऊल नक्की कुठे वाजलं तेच कळत नाही. तेव्हा गेममध्ये स्टिरिओ निवडा, एचआरटीएफ चालू, बाकी सगळं बंद.

पिक्चरचं उलटं. पिक्चरच्या ट्रॅकमध्ये खरोखरच सहा चॅनल असतात, ते दोन कानांत नीट उतरवायला विंडोज सोनिक उपयोगी पडतं, विंडोज १० पासून फुकट आहे. डॉल्बी ॲटमॉसचं हेडफोनवालं पैसे भरून मिळतं, ट्रायल घेऊन बघा, पटलं तर भरा.

म्हणून खोक्यावर ७.१ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका एवढंच. तेवढ्याच पैशात चांगला स्टिरिओ हेडफोन आणि वेगळा छोटा माइक येतो.

पावभाजी विथ चीज

भाबडा प्रश्न: मग ब्लूटूथवाले का नको? माझ्याकडे आहेत, मस्त वाजतात, वायरची कटकट नाही.

रात्रपाळी

गाणी ऐकायला मस्तच. गेममध्ये मात्र आवाज उशिरा पोचतो, साध्या ब्लूटूथला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशीर सहज होतो, म्हणजे गोळी लागून झाल्यावर बंदुकीचा आवाज. पिक्चरला भागवता येतं, व्हीएलसीमध्ये जे आणि के दाबून आवाज मागेपुढे सरकवता येतो, गेममध्ये काय सरकवणार? आणि मोठी गोम पुढेच आहे. त्याच ब्लूटूथचा माइक चालू केला की विंडोज हँड्सफ्री मोडमध्ये जातं आणि कानातला आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा होतो. मित्र कॉलवर आले की गेमची वाट. वायरलेसच हवं असेल तर यूएसबी डोंगलवालं २.४ गिगाहर्ट्झचं घ्या, त्यात उशीर जाणवत नाही.

चकलीताई

मी खारघरहून, दिवसभर मीटिंगा आणि रात्री मुलाबरोबर गेम, त्यामुळे हेडफोन डोक्यावर बराच वेळ असतो. कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, आपल्याकडच्या हवेत त्या नकली चामड्याच्या गाद्या टिकत नाहीत. पहिला पावसाळा जातो, दुसऱ्या पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने ते सोलायला लागतं, काळे काळे पापुद्रे कानाला, केसांना, उशीच्या अभ्र्याला, सगळीकडे चिकटतात आणि झटकले तर जात पण नाहीत, ओल्या फडक्याने टिपून काढायला लागतात. तेव्हा घेताना एकच बघा, गादी निघते का आणि तिची सुटी जोडी बाजारात मिळते का. मखमली कापडाच्या गाद्या सगळ्यात बऱ्या, काढून साबणाच्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायच्या.

आणि चष्मा असेल तर चष्मा घालूनच ट्राय करा. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि बेस त्या फटीतून निघून जातो. शिवाय तासाभराने कानशील दुखतं ते वेगळंच.

मानपाडाकर

ताई, चष्मा आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. बरं, मित्र म्हणतो ओपन बॅक घे, फुटस्टेप एकदम क्लिअर. घेऊ का?

जुना रेडिओ

ओपन बॅक म्हणजे पाठीमागे जाळी. आवाज मोकळा वाटतो, डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही, कान तापत नाहीत, हे सगळं खरं. सेनहायझर एचडी ५६०एस, फिलिप्स एसएचपी९५०० हे त्यातलेच, आणि शांत खोलीत मी डोळे मिटून तेच घ्या म्हणालो असतो. पण जाळीतून आवाज दोन्हीकडे जातो. तुमचा गोळीबार पलंगावर झोपलेल्या बायकोला ऐकू येणार आणि खालचा डंपर आणि डोक्यावरचा पंखा तुम्हाला ऐकू येणार. पंख्याचा आवाज झाकायला तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार. घोडबंदर रोडवर खिडकी उघडी ठेवून ओपन बॅक वापरणं म्हणजे पैसे वाया. तुम्ही क्लोज्ड बॅकच घ्या, म्हणजे पाठ बंद असलेले.

त्यात बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ऐकून बघा, मखमली गाद्या आहेत आणि गाद्या सुट्या मिळतात, चकलीताईंची अट पूर्ण होते. ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत येतो (ओहम जास्त तितका वाजवायला जोर जास्त), मखमली गाद्या ८० आणि २५० ला असतात. २५० च्या वाटेला जाऊ नका, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, मदरबोर्डवर मरतुकडा वाजेल. ८० चालेल, नॉब थोडा वर न्यावा लागेल इतकंच. माइक हवाच असेल आणि एकाच खोक्यात सगळं पाहिजे असेल तर हायपरएक्स क्लाउड २ पण वाईट नाही, त्याची ७.१ ची यूएसबी डबी बाजूला ठेवून सरळ ३.५ च्या जॅकवर लावा.

पावभाजी विथ चीज

मला तर पाचशेच्या आणि पाच हजाराच्या हेडफोनमध्ये फरक कळत नाही. काडी टाकून पळतोय.

चकलीताई

नशीबवान आहात. असेच राहा.

खाडीपलीकडे

जॅकवरून आठवलं. पीसीच्या पुढच्या बाजूला जो जॅक असतो तिथे लावून बरेच जण म्हणतात हेडफोनमध्ये चीं चीं येतं, माऊस हलवला की किरकिर येते. ती पुढची वायर कॅबिनेटच्या आतून ग्राफिक कार्डाच्या शेजारून गेलेली असते, तिथला कचरा उचलते. मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा आधी. तरी येत असेल तर यूएसबीवाली छोटी डॅक (पीसीच्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी डबी) घ्या, आवाज पीसीच्या बाहेर बनतो, किरकिर संपते. आणि मोबाइलच्या हेडसेटला एकच पिन असते, पीसीला माइकचा गुलाबी आणि आवाजाचा हिरवा असे दोन जॅक असतात, त्याला वाय आकाराची जोडवायर लागते. नाहीतर माइक चालत नाही म्हणून हेडसेट परत करणारे लोक आहेत.

मानपाडाकर

हेडफोनचं बऱ्यापैकी क्लिअर झालं. आता रविवारचे स्पीकर. दुकानात एकावर हजारो वॅट लिहिलं होतं, भाव मात्र अडीच हजार. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे पिक्चरमध्ये संवाद ऐकूच येत नाहीत, आवाज वाढवावा तर पुढच्या सीनला धडामधुडुम होऊन बाबा उठून येतात. हे स्पीकरने सुटेल का?

जुना रेडिओ

हजारो वॅट म्हणजे पीएमपीओ, क्षणभराचा फुगवलेला आकडा. त्या आकड्याकडे बघायचंच नाही, आरएमएस किती ते विचारायचं, आणि दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर बाहेर पडायचं. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. तुमच्या खोलीला ४० वॅट आरएमएस म्हणजे डोक्यावरून पाणी. एडिफायरचे आर१२८० मालिकेतले ४२ वॅटचे आहेत, जाड आवाजाला ४ इंची वूफर आणि वर बारीक आवाजाला ट्वीटर, लाकडी खोकं. त्यातला डीबी नावाचा घ्या, त्याला ऑप्टिकल आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, साध्या टी ला नाही. उजव्या स्पीकरच्या कुशीला ट्रेबल, बेस आणि व्हॉल्यूमचे नॉब आहेत, रात्री नुसता बेस खाली पिळता येतो. वेगळा सबवूफर तुम्हाला नकोच. जमिनीवर ठेवला की घुम स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाते, भिंत बारीक आवाज अडवते, जाड आवाज नाही. रात्री १० नंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत, आणि सोसायटीचा सेक्रेटरी नियम न वाचताही येतो.

मांडणी नीट करा, त्यात निम्मा आवाज आहे. तुमचं डोकं आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. दोन स्पीकर चार फुटांवर तर डोकंही चार फुटांवर. तोंडं तुमच्याकडे वळवायची आणि ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. टेबलावर स्पीकर नेहमी बुटका पडतो, माझ्याकडे प्रत्येकाखाली जुन्या दिवाळी अंकांची थप्पी आहे, पुढचा अंक किंचित बाहेर काढून वर तिरका केलाय, स्टँड विकत घ्यायची गरज पडली नाही. आणि भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी जागा सोडा, नाहीतर बेस गुबगुबीत होतो. तुमच्या मागे पडदा, गादी, कपडे असतील तर फार बरं, आवाज आपटून परत येत नाही.

रात्रपाळी

संवादाचं मी सांगतो. पिक्चरच्या ५.१ ट्रॅकमध्ये संवाद मुख्यत्वे मधल्या चॅनलमध्ये असतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, मग तो आवाज डाव्या-उजव्यात वाटून दिला जातो आणि स्फोटांच्या खाली दबतो. पहिलं काम, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर स्टिरिओ आहेत का बघा. कोणीतरी हौसेने तिथे ५.१ निवडून ठेवलेलं असतं आणि मग मधला चॅनल नसलेल्या स्पीकरला जातो, म्हणजे संवाद गायब. दुसरं, पिक्चरला स्टिरिओ ट्रॅक वेगळा दिला असेल तर तो निवडा. तिसरं, व्हीएलसीच्या इफेक्टमध्ये कंप्रेसर आहे, नाहीतर विंडोजच्या एनहान्समेंटमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन मिळालं तर ते चालू करा, बारीक आवाज वर येतो आणि मोठा खाली बसतो. गाणी ऐकताना मात्र बंद करा, गाण्याचा जीव जातो. नुसते स्पीकर बदलून हे पूर्ण सुटणार नाही, पण आत्ताच्या मॉनिटरवाल्यांपेक्षा संवाद नक्कीच स्वच्छ येतील.

सेक्टर_सतरा

ऐकायला कुठे जाणार? वाशीला सेक्टर १७ ला स्पीकर लावून दाखवतात, ठाण्यात गोखले रोडलाही विचारून बघा, नाहीतर रविवार सोडून लॅमिंग्टन रोड गाठा, ग्रँट रोडला उतरायचं. एक लक्षात ठेवा, दुकानदार त्याला जो खपवायचाय तो जरा मोठ्याने वाजवतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दोन्ही सारख्या आवाजात आणायला लावा आणि त्यांची डेमो गाणी नको, स्वतःच्या मोबाइलमधलं, पाठ असलेलं गाणं लावा, ज्यात तबला आणि बासरी दोन्ही आहे असं. तबल्याच्या चाटेला धार आहे का आणि बाईचा आवाज नाकातून येतोय का, एवढं कळलं तरी पुरे.

चकलीताई

आणि खेळताना आवाज किती ठेवताय तेही बघा हो. डब्ल्यूएचओचा हिशोब आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० वर गेलात तर आठवड्याला ४ तासच. क्लोज्ड बॅकचा खरा फायदा हा, बाहेरचा आवाज अडतो म्हणून आतला कमी ठेवता येतो.

मानपाडाकर

मंडळी, अपडेट. डीटी ७७० प्रो ८० ओहम आणि एडिफायर आर१२८०डीबी घेतले, बजेटच्या थोडं वर गेलं, बायको काही बोलली नाही कारण स्पीकरचा रंग पडद्याला मॅच झालाय. हेडफोन एक नंबर. चष्म्यावर बसतो. ८० ओहमला मागच्या जॅकवर व्हॉल्यूम ७० च्या आसपास लागतो, काही अडत नाही.

पण स्पीकर ३.५ च्या वायरने पीसीला लावले की बारीक हूं असा आवाज येतो. ब्लूटूथवर येत नाही. शेजारी म्हणतो पीसीच्या प्लगची मोठी पिन काढून टाक, जाईल.

जुना रेडिओ

अजिबात नको! ती मोठी पिन अर्थिंगची आहे, ती काढून हूं जाईल पण कॅबिनेटला हात लावल्यावर झटका बसायची सोय होईल. शेजाऱ्याला हा धागा वाचायला द्या.

हा ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग आणि आवाजाची वायर मिळून एक गोल वाट होते आणि त्यातून विजेची घुरघुर स्पीकरमध्ये शिरते. पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डवर आहेत का? दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने जातो. नाही गेला तर मदरबोर्डच्या मागे चौकोनी झाकणाचं छोटं भोक आहे का बघा, आत लाल उजेड दिसेल. ते ऑप्टिकल. स्पीकरलाही ऑप्टिकल आहे. त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, म्हणजे लूपच तुटला. केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणं काढायला विसरू नका. आणि घरातलं अर्थिंग एकदा वायरमनला दाखवून घ्या, नव्या इमारतीत पण प्लगच्या मागे हिरवी वायर नुसती लोंबत असते.

मानपाडाकर

काका, आहे ऑप्टिकल! केबल लावली, हूं पूर्ण बंद. वायरमन शनिवारी येतोय. आता एकच, हेडफोन मागच्या जॅकवर आणि स्पीकर ऑप्टिकलवर असल्यामुळे दरवेळी सेटिंगमध्ये जाऊन बदलायला लागतं. स्विच वगैरे मिळतं का?

रात्रपाळी

स्विच नको. विंडोज ११ आहे ना? विंडोजची की, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबा, आउटपुटची यादी उघडते, हवं ते निवडा. साउंड सेटिंगमध्ये दोघांना मराठीत नावं देऊन ठेवा, माझ्याकडे एक 'रात्र' आहे आणि एक 'रविवार'. गेम चालू असताना बदललंत आणि आवाज आला नाही तर गेमच्याच ऑडिओ सेटिंगमध्ये जुनं आउटपुट अडकलेलं असतं, तिथे डिफॉल्ट करा.

मानपाडाकर

झालं. चालतंय.